तीन वीत

मुलांनो, जव्हार संस्थानच्या कचेरीबाहेर मनातल्या मनात उभे राहा पाहू. रांगेत तुमच्यापुढे दहा वर्षांची रुपी आहे. तिच्यापुढे डहाणूचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, आणि एक कारकून बोलताहेत.

"काय तांडेल, संस्थानची नवी होडी पळते ना खाडीत?"

"कसली पळते, भाऊसाहेब! मोटर मागच्या फळीला टांगली, तर पंखा वीतभर जास्तच खाली. ओहोटीला नुसता चिखल घुसळतो."

"मग आखूड दांड्याची मोटर निवडा."

"तेच सांगायला आलोय. पण फळीच्या उंचीचं माप कोणी कळवलं होतं?"

"ढवळू सुतारानं. तीन वीत म्हणाला."

"भरली दोनच! ताडी पिऊन मोजली काय?"

"पुढची होडी त्याला बांधायला द्यायची नाही, असा कागदच लिहितो मी. आता सही घेतो."

रुपी ऐकत होती. ढवळू तिचा बा. त्या दिवशी त्याचे हात डांबरानं बरबटलेले, म्हणून फळी तिनेच मोजली होती.

तिने तांडेलाचा सदरा ओढला.

"काका, बानं नाही मोजली. मी मोजली."

"तू? कशी मोजलीस गं?"

रुपीने त्याचा रुंद पंजा धरून उघडला आणि त्यावर आपली इवलीशी वीत ताणून ठेवली.