पाटी लावलेलं दार

मला भित्री म्हणता ना, मग हे ऐकाच. शाळेच्या मैदानात झोपाळे बसवायचे म्हणून बाईंनी आम्हाला पावतीपुस्तकं दिली होती. उद्या परत करायची होती आणि माझी एकही पावती फाटली नव्हती.

शाळेमागच्या इमारतीत मैत्रिणींनी एकच दार सोडलं होतं. त्यावर पाटी होती, ‘नाईट शिफ्ट. दुपारी बेल वाजवू नये.’ मी बेलपर्यंत बोट न्यायचे, मागे घ्यायचे, चार पायऱ्या उतरायचे, पुन्हा चढायचे.

दार धाडकन उघडलं. बनियनवरचे काका म्हणाले, “अगं, वाजव एकदाची! कधीपासून चपला घासतेस, झोप कशी लागायची?”

“वर्गणी... झोपाळ्यांसाठी,” मी पुटपुटले.

“कुठे बसवणार?”

खोटं बोलवेना. मी त्यांच्या मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. “तिच्याखाली.”

काका खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “फाड पावती. आणि थांब, आलोच.”

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर मी पावतीपुस्तक ठेवलं आणि शेजारी काकांनी दिलेला ग्रीसचा डबा.

झोपाळे अजून यायचेत.