तिसऱ्या खिळ्यावरचा डेल्मर

(मिसिसिपीतल्या एका लहान गावातलं हॉरेसचं न्हाव्याचं दुकान. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, हंगाम सुरू होण्याआधीचा शनिवार. खुर्चीत गिरणीतून निवृत्त झालेला एल्बर्ट. हॉरेसची बायको ओपल बर्फ घातलेला थंड चहा घेऊन आली आहे.)

एल्बर्ट : तिसरा? डेल्मर गेन्स तिसरा? हॉरेस, वस्तरा खाली ठेव आधी!

हॉरेस : वस्तरा तुझ्या मानेवर आहे, तूच आवाज खाली ठेव. आरशावर तीन खिळे, शाळेच्या तीन जुन्या खेळाडूंचे तीन फोटो. आज मी लावीन तो क्रम वर्षभर. चाळीस वर्षं हेच चाललंय.

एल्बर्ट : आणि चाळीस वर्षं तू चुकतोयस. चेंडू बगलेत मारून डेल्मर सुटला की अख्खं गाव उठून उभं राहायचं. तुला काय कळणार? तू बाहेरगावचा जावई, मागाहून आलेला.

हॉरेस : जावई असलो तरी डोळे आहेत मला. ओटिस पहिला. सुजलेल्या गुडघ्यानं तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला त्यानं, तीन टचडाउन! रूफस दुसरा. त्याला पाडायला चौघं लागायचे.

एल्बर्ट : डेल्मरला पाडायला चौघं आधी जवळ तर यायला हवेत!

ओपल : चहा घ्या, बर्फ वितळतोय. दरवर्षी तेच गुऱ्हाळ! भावजी, डेल्मर तिकडे डेट्रॉइटात नातवंडं खेळवतोय, त्याला कशाचं काही नाही. तुमचाच जीव का असा वरखाली?

एल्बर्ट : का म्हणजे? त्याच्यापुढे वाट कोण काढत होतं, वहिनी? मी! जर्सीवर चौसष्ट नंबर. तीन वर्षं सगळे धक्के अंगावर घेतले. चेंडूला एकदाही हात लागला नाही, पेपरात कधी नाव आलं नाही. डेल्मर तिसरा, तर मग मी कितवा?

हॉरेस : अरे, हे कधी बोलला नाहीस.

एल्बर्ट : बोलायचं काय त्यात? भादर तू मान.

ओपल : मी तेव्हा बँडात तुतारी फुंकत होते, मला मेलीला मैदानातलं काय दिसणार! थांबा, फोटो पुसते तरी. पावडर किती बसलीय ही! अगंबाई, मागचा पुठ्ठाच निघाला. अहो, हा फोटो दुमडलाय!

हॉरेस : फ्रेम लहान होती गं. कडेला कुणीतरी आडवातिडवा पडलेला होता. म्हटलं, डेल्मर दिसला म्हणजे झालं.

ओपल : मग बघा आता कोण पडलंय ते.

हॉरेस : चौसष्ट.

एल्बर्ट : इकडे आण. चष्मा दे माझा. अरे, मीच की! आणि खाली हे दोघं! नदीपलीकडच्या शाळेचे ते दोन रेडे! बरगडी मोडली होती माझी त्या दिवशी.

हॉरेस : आणि मी मूर्ख रोज हा फोटो बघून म्हणायचो, समोर एक माणूस नाही, मोकळ्या रानात कुणीही पळेल. म्हणून तर तिसरा लावत होतो त्याला.

एल्बर्ट : रान काय आपोआप मोकळं झालं होतं?

हॉरेस : चुकलो, बाबा. पहिल्या खिळ्यावर लावतो.

ओपल : कसा लावणार? उलगडलेला मावत नाही यात.

हॉरेस : दुपारी मोठी फ्रेम आणतो. ओटिसला सरकवतो बाजूला.

एल्बर्ट : नको रे. ओटिस खरंच चांगला होता.

हॉरेस : आता हे काय नवीन? मग डेल्मरला कितवा लावू?

एल्बर्ट : लाव तिसऱ्यावरच. फक्त दुमडू नकोस.