जड मोटर

— नाही वहिनी, तो कागद आधी घडी करून ठेवा. स्टेपर मोटर निवडायला कागद लागत नाही, नजर लागते. ही घ्या हातात — जड आहे ना? जड म्हणजे ताकद. संपलं. तुमच्या गहिनीनाथला हेच सांगितलं होतं, मुकाट्यानं घेऊन गेला. आता बायकोला पाठवतो — वर सोबत सासू. कडूबाई टेम्पोतच बसल्यात ना? बसू द्या, त्यांना यातलं काय कळणार. आणि मशीन तरी कसलं — पडवीत लोखंडी अँगल जोडून म्हणे सीएनसी, आपोआप लाकूड कोरणारं! आधी दारं कोरून विकणार होता. शिंगणापुरात! जिथं घरांना दारंच नाहीत तिथं — जाऊ द्या. आता देवघरं कोरतो, तर नक्षी सरकते, मोराची चोच पिसाऱ्यात घुसते. पण कधीपासून? तुमचं माप ओलांडून झाल्यापासून. मी नाही म्हणत, तुमच्या सासूबाईच गावभर सांगतात. पायगुण असतो वहिनी, त्याला दुकानदार काय करणार?

काय? पुन्हा कागद. मोटरला सहा अँपिअर लागतात, तिला वीज पुरवणारं ड्राइव्ह देतं चार — हे कोणी सांगितलं? मोटरवरच लिहिलंय? बारा बुकं शिकलात वाटतं. अहो, मला ठाऊक नसेल का? तीस वर्षं झाली या धंद्यात. लहान मोटरी त्या ड्राइव्हवर झकास चालत होत्या, व्हय. लग्नाच्या आठवड्यात हा आला, अंगाला हळद तशीच, म्हणाला मोठ्या द्या. मोठं ड्राइव्ह नव्हतं दुकानात — मग काय गिऱ्हाईक परत पाठवू? म्हटलं, जुन्यावरच चालेल. चालतंच की, हळू चालवलं तर! वेग दिला की धाप लागते तिला, नक्षी सरकणारच. दोन वर्षं त्या मोठ्या मोटरी फळीवर पडून होत्या, कोणीतरी न्यायलाच —

वहिनी, माझ्या मागं काय बघताय? बाजूच्या दारात कोण —

कडूमावशी. तुम्ही टेम्पोतनं कधी उतरलात? या ना, बसा. अशा नका बघू. मी मोटरींचंच बोलत होतो. पायगुणाचं तर तुम्हीच —

बरं. जेवायची वेळ झाली, शटर ओढायचंय. ड्राइव्ह मागवून ठेवतो, योग्य ते. कागद तेवढा ठेवून जा — नाही? मावशी, तुम्ही कशाला घेताय तो? तुम्हाला वाचता तरी… घ्या. सुनेचाच आहे, घ्या. निघा आता.