मांडीवर ताल नको

चेन्नईत मैलापूरच्या सभागृहाबाहेर रांगेत पुढून तंजावरी वळणाचं मराठी कानावर आलं, तशी कुमुदिनीनं फोन पर्समध्ये टाकला. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“ऑर्केस्ट्रा आहे. मांडीवर ताल धरायचा नाही.”

“हात मांडीखाली दाबून बसतो, कनका.”

“मध्ये वाजवायचे थांबले, तरी टाळ्या नाहीत. ते संपलेलं नसतं म्हणे. तुमच्या नातीनं, जननीनं बजावलंय मला.”

“मग संपलं कसं कळायचं?”

“सगळे टाळ्या वाजवतील तेव्हा वाजवा. आणि कॉफीला उठायचं नाही.”

“दोन वर्षं नातीशी बोलणं नाही, आणि कॉफीला उठतो होय!”

“बोलणं कुणी टाकलं? मांडी घालायची सोडून ऑर्केस्ट्रात खुर्चीवर बसून व्हायोलिन वाजवणार म्हणाली, तर ‘मग मला ऐकवू नकोस’ कोण म्हणालं?”

“मीच. म्हणून तर आलोय.”

“आपल्या गाण्याच्या सभेतली ‘भले, भले’ अशी दादसुद्धा नाही हं!”

“अय्यो! लहानपणी माझं ‘भले’ ऐकल्याशिवाय ती धनुकली खाली ठेवायची नाही. तिला वाटतंय, तू एकटीच येणार. एवढ्या अंधारात मी आलोय हे तिला कळणार कसं?”

रांग सरकली. कनकाबाई जागच्या हलल्या नाहीत. कुमुदिनीही नाही.

“शेवटच्या टाळ्या ओसरल्या की म्हणा.”

“म्हणू?”

“एकदाच. पण बाहेरच्या ऑटोवाल्यानं वळून बघितलं पाहिजे, असं म्हणा.”