फोडलेला गुडघा

ताई: फुकट आलेल्या वस्तूवर कसली कस्टम ड्युटी? अहो, कृत्रिम पायाचा गुडघा बिघडला म्हणून परदेशातल्या कंपनीनेच हमीत बदलून दिलाय. एक पैसा घेतला नाही!

कारकून: बाई, तुम्ही काय दिलंत ते मी विचारतच नाही. वस्तूची किंमत किती, तेवढंच बघतो. किमतीवर ड्युटी, मग ड्युटी धरून जी रक्कम होते तिच्यावर टॅक्स.

ताई: वा! पहिला आला तेव्हा ह्याच खिडकीवर सगळं भरलंय. ही पावती. ह्या माझ्या भावाला पाय एकच बसवायचाय, ड्युटी दोनदा का?

न्हावी: ताई, हळू. रांग बघतेय.

ताई: बघू दे. तुला कुबड्यांवर उभं केलंय ते नाही बघत कुणी.

कारकून: बदली मालाला सूट आहे की.

ताई: मग द्या ना!

कारकून: जुना परत पाठवल्याचा कागद द्या. लगेच देतो.

ताई: पाठवलाच नाही. कंपनी म्हणाली, पाठवू नका, फोडून फोटो पाठवा. फोटो गेल्याशिवाय नवा निघणार नव्हता. हे त्यांचं पत्र, हा फोटो.

कारकून: फोटोत मला फक्त हातोडी दिसतेय. आणि फोडायचाच होता, तर आमच्या अधिकाऱ्यांसमोर फोडायला हवा होता. तसा नियम आहे.

न्हावी: घे! तरी मी म्हणत होतो, दोन दिवस थांब, चौकशी करू. सकाळी पत्र आलं आणि दुपारी बाईसाहेब ओट्यावर हातोडी घेऊन तयार.

ताई: त्याच्यापायी दोनदा पडलास ना? दुसऱ्यांदा हातात वस्तरा होता, गिऱ्हाईक खुर्चीत होतं.

न्हावी: अडकायचा, कबूल. पण खुर्चीला कंबर टेकून दिवसाला पाच-सहा डोकी उरकत होतो. आता कुबड्या धरू की कात्री? समोरच्या नव्या दुकानात जातात सगळे. वीस वर्षांची गिऱ्हाइकं माझी.

ताई: मला वाटलं, आठवड्यात नवा येईल, तू उभा राहशील. घाई नडली. चुकलं माझं, झालं समाधान?

न्हावी: तसं नाही गं.

कारकून: बाई, मागे लोक आहेत. भरताय का?

ताई: एवढे असते तर भरले नसते? थांबा. हे बघा, तुकडे आणलेत.

(ताई पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढून खिडकीत उलगडते.)

न्हावी: अजून ठेवलेस तू हे?

ताई: दोन वर्षं तुला उभं केलं त्याने. कचऱ्यात टाकवेना.

कारकून: अहो, टेबलावर कुठे... एक मिनिट. हा वरचा भाग धड आहे की!

ताई: त्याच्यावर नंबर आहे. फोटोत वाचता यायला हवा होता, म्हणून तेवढा सोडला.

कारकून: पावती द्या इकडे. चार, सात, सात... शेवटी नऊ. हाच नंबर. मग मार्ग आहे. हा भाग साहेबांसमोर फोडायचा, साहेब सही करतील, सूट मिळेल.

ताई: आत्ता फोडते! हातोडी नसेल तर तो तुमचा लोखंडी शिक्का द्या.

कारकून: साहेब रजेवर आहेत. पुढच्या गुरुवारी येतील.

न्हावी: तुमच्या मागे मांडणीवर तो निळ्या पट्टीचा खोका आहे ना, त्याच्यावर माझं नाव दिसतंय मला. इथून दहा पावलं असतील.

कारकून: दिसतंय मलाही. पण सहीशिवाय मी तो हलवला, तर माझी नोकरी जाईल. अर्ज लिहा. आणि हा तुकडा नीट जपा. नंबरावर ओरखडासुद्धा नको.

ताई: फोडायचा म्हणून जपायचा. बरं.

कारकून: गुरुवारी ह्यांना स्वतः यावं लागेल. अख्खा दिवस जाईल. दुकान बंद ठेवावं लागेल तुम्हाला.

न्हावी: ठेवतो की. दोन महिने तेच तर करतोय.