बुडालेल्या बोटीचं नाव

माझा जन्म सातपाटीचा, लग्नपण गावातल्या गावात, म्हणजे दर्या सोडून मी दुसरं काय बघितलंच नाय. माझे सासरे, आमी बाबा म्हणायचो, ते इंग्रजांच्या मोठ्या लढाईत नेव्हीच्या तेजवंती बोटीवर खलाशी होते. ती बोट बुडाली, बाबा फळीला धरून वाचले. मग आमच्या ह्यांनीपण नेव्ही धरली आणि पासष्ट साली ह्यांना हुकूम आला तो तेजवंतीवरच. बोट नवी, नाव तेच. नेव्हीत तसंच करतात, बोट गेली तरी नाव ठेवतात आणि पुढच्या बोटीला देतात, मान असतो तो.

पण आमच्यात, काय सांगू तुमाला, बुडाल्या बोटीचं नाव कोण पुन्हा कोरत नाय. बाबा भडकले, दर्यानं नेलेलं नाव हाय, त्या बोटीवर पाय ठेवू नको. हे म्हणाले, बाबा, नोकरी हाय, बोट आपल्याला निवडता येत नाय. आणि गेले. बाबा एस्टीपर्यंतपण आले नाय.

मग लढाई लागली. शेजारच्या दुकानात रेडिओ होता, त्याच्यावर पलीकडचं, दुश्मनाचं स्टेशन लागायचं, तिथली बाई बोलली, तेजवंती बुडवली. मला सातवा महिना. आळीतल्या बायका ओटीवर येऊन बसल्या, रडायला लागल्या, एक म्हातारी माझ्या बांगड्यांकडं बघत जवळ सरकली. मी हात पदराखाली घेतले.

बाबा जाळं विणत होते, ते उठले. हात लावू नका तिला, म्हणाले. तेजवंती एकदा बुडाली, मी होतो तिच्यावर, दर्यानं आपला वाटा घेतला. एक नाव तो दोनदा मागत नाय. जा घरी.

बायका उठल्या, बाबांचं कोण मोडणार. मीपण त्याच शब्दावर दोन घास खाल्ले.

लढाई थांबली तरी ह्यांचा पत्ता नाय. बाबा रोज सायकल घेऊन पालघर स्टेशनात जाऊन बसायचे. एका दुपारी सायकल दारात आली तर मागं कॅरिअरवर हे, टोपीच्या पट्टीवर तेजवंती. रेडिओवरची बातमी खोटी होती, बोटीला चरासुद्धा नव्हता.

पुढं मी विचारलं, बाबा, दर्या खरंच दोनदा मागत नाय? मला काय ठाऊक गो, म्हणाले, तुझ्या बांगड्या वाचवायच्या होत्या.

आता बाबा नाय, हेपण नाय, पण दोघं घरातच गेले, म्हातारे होऊन. नातू नेव्हीत हाय. परवा त्याचा फोन आला, आजी, मला तेजवंती मिळाली, आता ही तिसरी. सून माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी म्हटलं, घाबरू नको, दर्या एक नाव दोनदा मागत नाय. तिला धीर आला, ती कामाला लागली.

मी आत जाऊन देवापुढं बसले. पोराला सुखरूप आण रे, दुसरं काय मागू.