दुसऱ्या मजल्याची सावली

रावजी : एक तरी असंल की वैनी. लाल नसंल तर गुलाबी चालंल.

जयवंता : तुमीच बघा भावजी. सतरा कुंड्या हायत. पानं हायत, काटे हायत. कळी दिसली तर खुशाल तोडून न्या.

रावजी : उद्या रंगूचं वर्षश्राद्ध. रोज तुमच्या अंगणातला गुलाब माळायची ती. म्हणलं, फोटोला दुकानातला हार नको.

जयवंता : मलाबी नको वाटतंय. पर झाड माझं ऐकून फुलतं व्हय? सहा तास ऊन लागतं त्याला. आता ऐन थंडीत आठला ऊन येतं आन् साडेनवाला तुमच्या दुसऱ्या मजल्यामागं जातं. फांद्या नुसत्या उजेड हुडकत लांबल्यात.

रावजी : मजला काय हौस म्हणून न्हाय चढवला. इंद्रजितसाठी चढवला.

जयवंता : बरं केलं. पोरगं पुण्यात, खोल्या इंदापुरात. किती दिवस राहिला त्यात?

रावजी : दिवाळीला आला हुता की.

जयवंता : आला हुता. जेवला हितं आन् झोपायला बारामतीला हॉटेलात गेला.

रावजी : सूनबाईला एसी लागतो. वरती लई तापतं म्हणली.

जयवंता : म्हंजे त्यांना ऊन नको म्हणून गेले, आन् मला पायजे ते तुमच्या भिंतीनं अडवलं.

रावजी : तवाच बोलायचं हुतं.

जयवंता : बोलले हुते. भिंत पांढरी रंगवा म्हणलं, तेवढाच उजेड माघारी येईल. तुमी चॉकलेटी दिला.

रावजी : इंजिनिअर म्हणला, त्यावर मळ दिसत न्हाय.

जयवंता : त्याचं खरं झालं. मळ काय दिसला न्हाय अजून.

रावजी : एका रंगापायी दोन वर्सं बोलला न्हाईत माझ्याशी. रंगू गेली तवा आलात, तेवढंच.

जयवंता : तुमच्याशी न्हाय बोलले. ती यायची की. तुमी कारखान्यावर गेला की बोळातनं यायची, छाटणी करू लागायची.

रावजी : मला कवा बोलली न्हाय.

जयवंता : एकदा बोलली हुती. कुंड्या आपल्या गच्चीवर नेऊ का, म्हणून इचारलं हुतं तिनं. तुमी म्हणलात, नव्या फरशीवर मातीचे डाग पडतील, इंद्रजित काय म्हणंल.

(रावजी मान वर करून आपल्या गच्चीकडं बघतात.)

रावजी : म्हणलो हुतो. मला वाटलं, सहज इचारतीय.

जयवंता : ती सहजच इचारायची सगळं.

रावजी : आज नेल्या वर तर?

जयवंता : उद्याला फूल न्हाय मिळायचं. आधी छाटायला लागंल. त्यावर ऊन मिळालं तर दीड महिन्यानं कळी.

रावजी : उद्यासाठी न्हाय म्हणत मी.

जयवंता : आन् पाणी कोण घालणार? माझ्या गुडघ्यांना तुमचा जिना व्हायचा न्हाय.

रावजी : मी घालीन. तसाबी रोज सकाळी वरचा मजला झाडायला जातोच.

जयवंता : रोज? राहतंय कोण तितं?

रावजी : कुणी न्हाय. धूळ बसती.

जयवंता : मग ती कडंची कुंडी आधी उचला. रंगूनं लावलेली हाय.